लहान पक्षाचा अभ्यास कसा करावा : अमेरिकेची सोशलिस्ट लेबर पार्टी, सोलापूरच्या अभ्यासमंडळासाठी

सोलापुरात डाव्या राजकारणाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला विषयांची वानवा नाही. कापडगिरण्यांचे संप, विडी कामगार स्त्रियांच्या चळवळी, सांगोल्यातील शेतकरी कामगार पक्ष असे किती तरी विषय हाताशी असतात. तरीही अभ्यासमंडळाने वर्षातून एखादा विषय दूरच्या भूमीवरचा घ्यावा, असे माझे मत आहे. आपल्याकडच्या पक्षांविषयी बोलू लागताच कोणाचे वडील कोणत्या युनियनमध्ये होते येथपासून वाद सुरू होतो. ज्या पक्षात आपले कोणीच नव्हते, त्याच्याकडे मात्र शांतपणे पाहता येते. त्या दृष्टीने अमेरिकेची सोशलिस्ट लेबर पार्टी हा फार सोयीचा विषय आहे. एकोणिसाव्या शतकात जन्मलेला हा पक्ष एकविसाव्या शतकापर्यंत टिकला, राष्ट्रीय सत्तेच्या आसपासही कधी फिरकला नाही, आणि तरीही त्याचा आदर्श इतका रेखीव होता की तो फळ्यावर आकृती काढून समजावता येतो.

पुढील मार्गदर्शन एका सूत्रावर उभे आहे. मोठा पक्ष त्याने सत्तेत येऊन काय केले यावरून ओळखावा. लहान पक्ष मात्र तो कोणत्या प्रश्नावर इतरांपासून फुटला आणि त्या प्रश्नाचे कोणते उत्तर त्याने अखेरपर्यंत सोडले नाही, यावरून ओळखावा. मतांचे आकडे, नेत्यांची चरित्रे आणि पक्षाची निशाणी या सर्व गोष्टी त्यानंतर येतात.

आधी पक्षाची ओळख पक्की करावी

अमेरिकेतील डाव्या पक्षांची नावे एकमेकांसारखी असल्याने पहिल्याच पायरीवर गोंधळ होतो. १९०१ मध्ये स्थापन झालेली सोशलिस्ट पार्टी ऑफ अमेरिका वेगळी, १९१९ मध्ये तिच्यातून बाहेर पडलेले कम्युनिस्ट गट वेगळे, आणि १९३८ मधील ट्रॉट्स्कीवाद्यांची सोशलिस्ट वर्कर्स पार्टी त्याहून वेगळी. आपला पक्ष या सर्वांपेक्षा जुना आहे. टिपणवहीच्या पहिल्या पानावर ही चार नावे वर्षांसह लिहून ठेवावीत आणि वाचताना नुसते 'सोशलिस्ट' असे कोठे आढळल्यास ते या चौघांपैकी कोणाविषयी आहे हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जन्माची एकच तारीख शोधू नये

पक्षाचा जन्म सांगताना एक तारीख आणि एक गाव सांगून मोकळे होण्याची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते. या पक्षाच्या बाबतीत ती सवय मोडावी लागते, कारण जन्माच्या दोन घटनांमध्ये जे दीड वर्ष गेले, त्यातच त्याच्या स्वभावाची मुळे आहेत. १८७२ च्या हेग येथील अधिवेशनानंतर पहिल्या इंटरनॅशनलचे, म्हणजे निरनिराळ्या देशांतील कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, मुख्य कार्यालय न्यूयॉर्कला हलवण्यात आले होते. जुलै १८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथे ती संघटना विसर्जित झाली, आणि त्याच महिन्यात, त्याच शहरात, अमेरिकेतील निरनिराळ्या समाजवादी गटांनी एकत्र येऊन वर्किंगमेन्स पार्टी ऑफ द युनायटेड स्टेट्स स्थापन केली. डिसेंबर १८७७ मध्ये न्यूअर्क येथील अधिवेशनात तिचे नाव बदलण्यात आले आणि सोशलिस्ट लेबर पार्टी या नावाकडे जाणारी वाट तेथून सुरू झाली.

या दोन तारखांच्या मध्ये काय घडले, हे विचारावे. एकत्र आलेल्या गटांमध्ये मुख्यतः दोन प्रवृत्ती होत्या. लासाल या जर्मन समाजवाद्याच्या अनुयायांचा भर मतपेटीवर होता. कामगारांनी मते मिळवावीत आणि राज्यसंस्थेच्या मदतीने सहकारी उत्पादनसंस्था उभाराव्यात, असे ते मानत. मार्क्सच्या बाजूचे लोक आधी कामगार संघटना बळकट करावी, निवडणुका घाईने लढवू नयेत, असे म्हणत. १८७६ ची एकी ही या दोघांमधील तडजोड होती. मग जुलै १८७७ मध्ये वेतनकपातीविरुद्ध रेल्वे कामगारांचा प्रचंड संप पेटला, तो राज्याराज्यांत पसरला आणि सेंट लुईस शहरात याच लहानशा पक्षाच्या कार्यकर्त्यांनी काही दिवस सार्वत्रिक संपाचे नेतृत्व केले. संप सैन्यबळाने मोडला गेला, आणि त्यानंतरच्या अधिवेशनात मतपेटीकडे कल असलेल्यांनी पक्ष आपल्या बाजूला वळवला. संघटना आधी की निवडणूक आधी, हा वाद या पक्षाच्या पाळण्यातच होता. पुढची शंभर वर्षे तो निरनिराळ्या वेशांत परत येत राहिला.

जन्मकथेतील आणखी एक गोष्ट सोलापूरकरांना चटकन उमगेल. पक्षाचे आरंभीचे बहुसंख्य सभासद जर्मन भाषा बोलणारे स्थलांतरित होते, त्यांच्या बैठका आणि बरीचशी वृत्तपत्रे जर्मन भाषेत चालत, आणि ज्या इंग्रजी बोलणाऱ्या कामगारांना जिंकायचे होते त्यांच्यापर्यंत पक्ष फारसा पोहोचत नव्हता. पूर्व भागात तेलुगू, शहराच्या इतर भागांत मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या कामगारांसमोर एकच पत्रक काढण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्याला ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. म्हणूनच १८९० नंतर पक्षाला इंग्रजीत लिहिणारा आणि बोलणारा समर्थ नेता मिळाला, तेव्हा त्याचा प्रभाव एवढा मोठा ठरला.

तो नेता म्हणजे डॅनियल द लिऑन. १८५२ मध्ये कॅरिबियन समुद्रातील क्युरासाओ बेटावर जन्मलेला, युरोपात शिकलेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन तेथेच काही वर्षे व्याख्याता असलेला हा मनुष्य १८८६ मध्ये जमीनकराचे पुरस्कर्ते हेन्री जॉर्ज यांच्या न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या प्रचारात उतरला आणि १८९० मध्ये सोशलिस्ट लेबर पार्टीत आला. लवकरच तो पक्षाच्या 'द पीपल' या साप्ताहिकाचा संपादक झाला आणि १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत पक्षाचा मेंदू, लेखणी आणि बऱ्याच अंशी चाबूकही तोच राहिला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या विद्यापीठात शिकले तेच हे विद्यापीठ, हे येथे नोंदवून ठेवावे. मात्र त्यावरून दोघांचा काही संबंध जोडू नये, तसा तो नाही. द लिऑनच्या चरित्रावर याहून अधिक वेळ घालवू नये, असेही मी सुचवेन. त्याच्या घराण्याविषयी त्याने स्वतः सांगितलेल्या गोष्टी आणि त्याच्या विरोधकांनी पसरवलेल्या गोष्टी दोन्ही वादग्रस्त आहेत, आणि त्या सोडवत बसल्यास मूळ विषय बाजूला राहतो.

एकच मूळ भाषण घ्यावे, पण पूर्ण वाचावे

दहा पुस्तकांचे सारांश वाचण्यापेक्षा पक्षाचा एक मूळ मजकूर आरंभापासून अखेरपर्यंत वाचणे अधिक उपयोगी असते. सोलापूरसाठी निवड अवघड नाही. ११ फेब्रुवारी १८९८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड या गिरणगावात, संपावर असलेल्या कापड कामगारांसमोर द लिऑनने केलेले भाषण 'व्हॉट मीन्स धिस स्ट्राइक?' या नावाने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले, आणि पक्षाने ते अनेक दशके छापले व विकले. मार्क्सवादी साहित्याच्या आंतरजालावरील संग्रहांत त्याचा इंग्रजी मजकूर विनामूल्य मिळतो. त्याची प्रत छापून घ्यावी. मोबाइलच्या पडद्यावर एवढे लांब भाषण कोणी पूर्ण वाचत नाही, असा माझा अनुभव आहे.

वाचण्यापूर्वी परिस्थिती समजून घ्यावी. न्यू बेडफर्डच्या गिरण्यांनी जानेवारी १८९८ मध्ये मजुरी दहा टक्क्यांनी कमी केली होती. कापडातील दोषांबद्दल विणकरांकडून दंड कापला जाई, त्याचाही राग होता. दक्षिणेकडील राज्यांत स्वस्त मजुरीवर नव्या गिरण्या उभ्या राहिल्या असल्याने आमचा नाइलाज आहे, असे मालक सांगत. हा युक्तिवाद आपल्या शहराने पुढे निराळ्या शब्दांत बराच ऐकला आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्यांचे भोंगे ज्यांनी ऐकले त्यांच्या घरांत अजूनही त्याच्या आठवणी निघतात. असे वयस्क गिरणी कामगार मंडळात असतील तर वाचनाच्या दिवशी त्यांना आवर्जून बोलवावे.

वाचताना तीन प्रश्न डोळ्यांसमोर ठेवावेत: वक्ता कोणाशी बोलत आहे, तो उद्या सकाळी काय करायला सांगतो, आणि कोणते आश्वासन देण्याचे तो जाणूनबुजून टाळतो. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. संपकऱ्यांसमोर उभा राहिलेला कोणताही पुढारी 'धीर धरा, विजय आपलाच आहे' असे म्हणतो. द लिऑन तसे म्हणत नाही. मजुरी कोठून येते आणि नफा कोठून येतो, हा हिशेब तो त्यांच्यासमोर मांडतो. कामगार जी संपत्ती निर्माण करतो तिचाच एक भाग त्याला मजुरी म्हणून परत मिळतो, उरलेला भाग काम न करणाऱ्याकडे जातो, आणि म्हणून मालक व कामगार यांचे हितसंबंध एक आहेत असे सांगणारा कामगार पुढारी हा कामगारांची दिशाभूल करतो, असे त्याचे म्हणणे आहे. केवळ मजुरीच्या दरापुरती लढणारी आणि राजकारणाला न शिवणारी युनियन त्याला निरुपयोगी, किंबहुना घातक वाटते. न्यू बेडफर्डचा तो संप त्या वर्षी कामगारांच्या पराभवात संपला. ज्यांच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे त्यांच्यासमोर असा सिद्धान्त मांडणे धैर्याचे की निष्ठुरपणाचे, यावर मंडळात मतभेद होतील. ते होऊ द्यावेत. माझ्या मते त्यात दोन्ही आहे.

त्यानंतर भाषणातील हिशेब सोलापूरच्या चादरीवर करून पाहावा. यंत्रमागावर काम केलेल्या एखाद्या सभासदाकडून सुताचा भाव, वीज, नगावर मिळणारी मजुरी आणि व्यापाऱ्याला दिलेली किंमत हे आकडे घेऊन फळ्यावर मांडावेत, आणि द लिऑनने सांगितलेला 'उरलेला भाग' नेमका कोणाकोणाच्या हातांत जातो हे शोधावे. येथे एक फरक लगेच लक्षात येईल. न्यू बेडफर्डच्या गिरण्या भागधारकांच्या मोठ्या कंपन्या होत्या. आपल्याकडे मोजके माग चालवणारा मालक कित्येकदा स्वतःही मागावर उभा राहतो, सूत उधारीवर आणतो आणि व्यापाऱ्याच्या तंत्राने चालतो. दोन वर्गांचे जे स्वच्छ चित्र भाषणात दिसते, त्यात हा मनुष्य कोठे बसवायचा, हा प्रश्न मंडळाने उघडा ठेवावा.

आदर्श नकाशावर मांडून पाहावा

पक्षाचे ध्येय सांगणाऱ्या वाक्यांची यादी करण्याचा मोह होतो, पण त्या यादीतून काहीच कळत नाही; समता, न्याय, बंधुता हे शब्द सर्वच पक्षांच्या जाहीरनाम्यांत असतात. या पक्षाचा वेगळेपणा त्याच्या एका ठोस कल्पनेत आहे, आणि ती १९०४-०५ च्या सुमारास द लिऑनच्या भाषणांमधून पूर्ण आकाराला आली. आज आपण राहतो त्या जागेवरून मत देतो. वॉर्ड, विधानसभा मतदारसंघ, लोकसभा मतदारसंघ हे सगळे जमिनीचे तुकडे आहेत. द लिऑनच्या समाजवादी व्यवस्थेत मनुष्य जेथे काम करतो तेथून मत देईल. प्रत्येक कारखान्यातील कामगार आपले प्रतिनिधी निवडतील, एका उद्योगाचे प्रतिनिधी एकत्र येतील, आणि सर्व उद्योगांचे मिळून जे मंडळ होईल तेच देशाचे शासन असेल. प्रतिनिधीने विश्वास गमावला तर त्याला निवडणाऱ्यांना तो परत बोलावता येईल.

हे घडवण्याचा मार्गही तितकाच वेगळा होता. मतपेटीतून कामगारवर्गाने आपला निर्णय शांततेने जाहीर करावा, आणि तो निर्णय अमलात आणण्याचे बळ सर्व उद्योगांत पसरलेल्या एकाच मोठ्या कामगार संघटनेने पुरवावे. निवडून आलेल्या समाजवादी प्रतिनिधींचे काम राज्य चालवणे हे नसून जुनी राज्ययंत्रणा विसर्जित करणे एवढेच राहील. उत्पादनाचा ताबा संघटनेने घेतला की राजकीय पक्षाचेही प्रयोजन संपेल. सत्ता मिळताच स्वतःला विसर्जित करण्याचे वचन देणारा पक्ष जगाच्या राजकारणात विरळाच. याच कारणाने सरकारी मालकीचे कारखाने म्हणजे समाजवाद, हे समीकरण या पक्षाने मान्य केले नाही आणि पुढे सोव्हिएत रशियातील व्यवस्थेलाही त्याने नोकरशाहीची हुकूमशाही ठरवले.

आता सोलापूरचा एक मोठा नकाशा घ्यावा, त्यावरील प्रभागांच्या सीमा पुसल्या आहेत असे समजावे आणि त्या जागी उद्योगांचे गट रंगवावेत. यंत्रमाग आणि टेरी टॉवेल, विडी, रेल्वे, महापालिकेचे सफाई व पाणीपुरवठा कर्मचारी, रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, जिल्ह्यातील साखर कारखाने, शेती. प्रत्येक सभासदाने आपले मत कोणत्या गटात पडेल ते सांगावे. या खेळातून पक्षाच्या आदर्शाची ताकद आणि त्याच्या भेगा दोन्ही जितक्या लवकर दिसतात तितक्या व्याख्यानातून दिसत नाहीत. ताकद अशी की आज ज्या विडी कामगार स्त्रीचे मत तिच्या गल्लीतील नगरसेवकाच्या हिशेबात विरून जाते, तिचा येथे स्वतंत्र प्रतिनिधी असतो, आणि तो विडीविषयी बोलण्यासाठीच निवडलेला असतो. भेगा पुढीलप्रमाणे. ती स्त्री कारखान्यात बसत नाही. पाने आणि तंबाखू घरी नेऊन विड्या वळते आणि तयार माल कारखान्यावर मोजून देते. मग तिचे कामाचे ठिकाण कोणते मानायचे? हंगामात ऊसतोडीला जाणारा आणि एरवी स्वतःच्या कोरडवाहू रानात ज्वारी पेरणारा मनुष्य कोणत्या उद्योगात गणायचा? केवळ घर सांभाळणाऱ्या स्त्रीचे, म्हाताऱ्यांचे आणि बेकारांचे काय? मोठ्या यंत्रोद्योगाच्या युगात, सर्वजण शेवटी कारखान्यातच येणार असे मानून ही योजना आखली गेली होती.

याच टप्प्यावर कोणी तरी जातीचा प्रश्न काढील, आणि तो काढलाच पाहिजे. अमेरिकेत त्याचे रूप वर्णाचे होते. कृष्णवर्णीयांचा प्रश्न हा मुळात कामगारांचाच प्रश्न आहे आणि वर्गीय शोषण संपल्यावर तोही सुटेल, अशी द लिऑनची भूमिका होती. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले आणि त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. दोन्ही भूमिका शेजारी ठेवून वाचल्यावर द लिऑनचे उत्तर किती अपुरे होते हे निराळे सांगावे लागत नाही.

फुटींचा क्रम लावावा

येथपर्यंत आल्यावर पक्षाच्या फुटी कालक्रमाने मांडाव्यात, आणि प्रत्येक फुटीसमोर फक्त वादाचा प्रश्न लिहावा. कोण कोणाला काय म्हणाले हे लिहू नये. १८९५ मध्ये पक्षाने सॅम्युएल गॉम्पर्स यांच्या अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरला पर्याय म्हणून सोशलिस्ट ट्रेड अँड लेबर अलायन्स ही स्वतःची कामगार संघटना काढली. प्रश्न असा होता की समाजवाद्यांनी जुन्या युनियनमध्ये राहून तिला आतून बदलावे की नवी युनियन बांधावी. या धोरणाला विरोध असलेला मॉरिस हिलक्विट यांचा गट १८९९ मध्ये बाहेर पडला आणि १९०१ मध्ये रेल्वे कामगारांचे पुढारी यूजीन डेब्ज यांच्या अनुयायांसह सोशलिस्ट पार्टी ऑफ अमेरिकेत विलीन झाला. मागे उरलेल्या पक्षाने १९०० च्या अधिवेशनात आपल्या कार्यक्रमातील सर्व तात्कालिक मागण्या काढून टाकल्या. कामाचे तास, नगरपालिकेच्या सोयी यांसारख्या सुधारणा मागण्याऐवजी मजुरीपद्धती रद्द करणे ही एकच मागणी त्याने ठेवली. माझ्या मते या पक्षाचा खरा जन्म १८७६ मध्येही नाही आणि १८७७ मध्येही नाही; तो १९०० च्या या ठरावात आहे. त्याच्या शुद्धतेचे आणि त्याच्या एकटेपणाचे मूळ एकच आहे.

१९०५ मध्ये शिकागो येथे इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड ही संघटना स्थापन झाली, तेव्हा द लिऑन, डेब्ज, खाण कामगारांचे पुढारी बिल हेवूड आणि अराज्यवादी कार्यकर्त्या ल्युसी पार्सन्स एका सभागृहात बसले होते. सर्व उद्योगांची एकच संघटना, हे द लिऑनचे स्वप्न तेथे प्रत्यक्षात येईल असे वाटले. तीनच वर्षांनी, १९०८ च्या अधिवेशनात, त्याचे प्रतिनिधित्व नाकारण्यात आले आणि संघटनेच्या प्रास्ताविकातील राजकीय कृतीचा उल्लेख वगळण्यात आला. पश्चिमेकडून आलेल्या फिरत्या मजुरांचा मतपेटीवर विश्वास नव्हता, आणि कामासाठी गावोगाव भटकणाऱ्या माणसाचे नाव मतदारयादीत नसते हे लक्षात घेतले तर त्यांचा अविश्वास समजण्यासारखा आहे. १८७६ चाच वाद, पण बाजू उलटलेल्या. हा क्रम एका पानावर लिहिलेला असेल तर पक्ष सारखा का फुटतो, या प्रश्नाचे उत्तर 'द लिऑन हेकट होता' एवढ्यावर थांबत नाही. तो हेकट होताच. त्याच्यानंतर १९१४ ते १९६९ अशी पंचावन्न वर्षे राष्ट्रीय सचिव राहिलेल्या आर्नल्ड पीटरसन यांच्या काळातही सभासदांची हकालपट्टी हा पक्षाच्या कारभाराचा नेहमीचा भाग होता.

आकडे शेवटी पाहावेत

मतांची गणती आता करावी. पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिला उमेदवार १८९२ मध्ये उभा केला. सायमन विंग नावाच्या या छायाचित्रकाराला सुमारे २१ हजार मते पडली. १९१२ मध्ये सोशलिस्ट पार्टीच्या डेब्ज यांनी नऊ लाखांचा टप्पा ओलांडला, तेव्हा सोशलिस्ट लेबर पार्टीला तीस हजारही मते नव्हती. १९७२ मध्ये तिला ५३ हजारांहून अधिक मते मिळाली, आणि १९७६ मध्ये, शेवटच्या वेळी, दहा हजारांहूनही कमी. हे आकडे वाचताना आपल्या अनामत रकमेचा नियम डोक्यात ठेवू नये. अमेरिकेत मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, सह्या गोळा करण्यातच लहान पक्षांची शक्ती संपते, आणि काही राज्यांत तर या पक्षाच्या उमेदवारांना 'इंडस्ट्रियल गव्हर्नमेंट' या दुसऱ्याच नावाने उभे राहावे लागे. २००८ मध्ये पक्षाचे राष्ट्रीय कार्यालय बंद झाले आणि त्याच वर्षी 'द पीपल'ची छपाईही थांबली.

साधनांविषयी थोडे सांगतो. पक्षाने स्वतःविषयी छापलेले साहित्य निष्ठेने भरलेले आहे, आणि त्यातून बाहेर पडलेल्यांचे लेखन कडवटपणाने. दोन्ही वाचावे, पण एकाचा पुरावा म्हणून दुसरे वापरू नये. लेनिनने द लिऑनची स्तुती केली, हे विधान पक्षाच्या साहित्यात अभिमानाने येते. त्यातील बराच भाग भेटीस गेलेल्या लोकांनी आणि पत्रकारांनी सांगितलेला आहे, म्हणून तो ऐकीव म्हणूनच नोंदवावा. पक्षाचे कागदपत्र मॅडिसन येथील विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत जतन केलेले आहेत. एखाद्या विद्यार्थ्याला याच विषयावर प्रबंध लिहायचा असल्यास त्याने तेथील सूचीपासून आरंभ करावा. हातोडा धरलेला उगारलेला बाहू ही पक्षाची निशाणी होती. तिचा शोध आंतरजालावर घेतल्यास मात्र आधी खाण्याच्या सोड्याचे डबे दिसतील, कारण तेच चित्र त्या मालावरही आहे.

बैठक कशी घ्यावी

एवढा विषय एका संध्याकाळी संपत नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गात दोन बैठका ठरवाव्यात: पहिलीत भाषणाचे वाचन, दुसरीत नकाशा आणि फुटींचा क्रम. भाषणाचा मराठी गोषवारा एकाने, तेलुगू गोषवारा दुसऱ्याने सांगावा. इंग्रजी वाचणाऱ्यांनीच सगळे बोलायचे असे झाल्यास आरंभीच्या जर्मनभाषक मंडळींची चूक आपणही करू. अध्यक्षाने एका बाबतीत कठोर राहावे. गिरणी कामगारांचा विषय निघाला की चर्चा १९३० च्या सोलापुरातील मार्शल लॉकडे आणि त्यानंतर फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांकडे वळते, त्यांपैकी कुर्बान हुसेन हे पत्रकार आणि कामगारांचे पुढारी होते हे कोणी तरी अभिमानाने सांगतो, आणि मग कोणालाही न्यू बेडफर्डला परत यावेसे वाटत नाही. त्या विषयासाठी स्वतंत्र दिवस द्यावा.

तिसरी बैठक घेण्याचा उत्साह उरला तर तीच पद्धत शेतकरी कामगार पक्षाला लावून पाहावी. गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले, हे सर्वांना पाठ असते. त्यामुळे तेथून सुरुवात करू नये. १९४७ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडताना वादाचा प्रश्न कोणता होता, १९५० च्या दाभाडी प्रबंधाने, म्हणजे पक्षाची वैचारिक भूमिका मांडणाऱ्या दस्तऐवजाने, त्याचे कोणते उत्तर दिले, आणि त्यातील किती उत्तर सांगोल्याच्या पाण्याच्या लढ्यापर्यंत टिकले, एवढे तीन प्रश्न आधी वाटून द्यावेत. ज्यांच्या घरातील कोणी त्या पक्षात होते, अशा सभासदांनी उत्तरे लेखी आणावीत आणि ती दुसऱ्यांनी वाचून दाखवावीत.